एकहाती बॅकहँड : हळहळ आणि हत्यार

१९ फेब्रुवारी २०२४ रोजी पुरुष टेनिसपटूंची जागतिक क्रमवारी जाहीर झाली, तेव्हा पहिल्या दहा जणांत एका हाताने बॅकहँड मारणारा एकही खेळाडू नव्हता. ही क्रमवारी १९७३ साली सुरू झाली. तेव्हापासून पन्नास वर्षांत असे कधी घडले नव्हते. ग्रीसचा स्टेफानोस त्सित्सिपास अकराव्या क्रमांकावर घसरला आणि यादीतला अखेरचा एकहाती बाहेर पडला. मग क्रीडापानांवर मृत्युलेख सुरू झाले. टेनिसमधला सर्वांत देखणा फटका संपला, यंत्रयुगाने कलेचा बळी घेतला, असा त्यांचा सूर होता. पुढे दोन महिन्यांच्या आत बल्गेरियाचा ग्रिगोर दिमित्रोव्ह आणि खुद्द त्सित्सिपास, हे दोघेही एकहाती, पहिल्या दहांत परतले. पण मृत्युलेख मागे घेण्याची पद्धत नसते.

त्याच हिवाळ्यातली आणखी एक गोष्ट या मृत्युलेखांत आली नाही. या घटनेच्या साधारण तीन आठवडे आधी, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, रोहन बोपण्णाने मेलबर्नमध्ये पुरुष दुहेरीचे विजेतेपद मिळवले आणि तो दुहेरीत जगातला अव्वल खेळाडू झाला. बोपण्णाचा बॅकहँड एकहाती आहे. बालेवाडीच्या संकुलात त्याला दोनदा जिंकताना पुणेकरांनी पाहिले आहे. म्हणजे एकेरीच्या यादीतून जो फटका हद्दपार झाल्याची बातमी आली, तोच फटका दुहेरीच्या शिखरावर होता.

या दोन घटना शेजारी ठेवल्या की मृत्युलेखांची मांडणी अपुरी वाटू लागते. माझा आक्षेप त्यांच्या हळहळीला नाही. मलाही तो फटका अतिशय आवडतो. आक्षेप आहे तो तिच्यातल्या गृहीतकाला. पूर्वी एक शुद्ध, हातावर पेललेली कला होती आणि मग आधुनिक रॅकेट आली व तिने ती मारली, असे हे गृहीतक आहे. मला दिसणारी वस्तुस्थिती वेगळी आहे. ज्या एकहाती बॅकहँडसाठी आपण हळहळतो, तो बहुतांशी आधुनिक रॅकेटचेच अपत्य आहे. आणि त्याच रॅकेटने, त्याच तारांनी, त्याच्यासमोर असा चेंडू आणून ठेवला की तो खेळायला त्याच्याकडे वेळ उरला नाही. जन्म आणि अडचण एकाच घरातली आहे. ती तशी पाहिली नाही तर आपली समीक्षा नुसता उसासा होऊन राहते.

स्तोत्र आणि त्यातले गाळलेले कडवे

एकहाती बॅकहँडवरच्या आजच्या लेखनावर एका निबंधाची मोठी सावली आहे. ऑगस्ट २००६ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सच्या ‘प्ले’ या क्रीडा नियतकालिकात डेव्हिड फॉस्टर वॉलेस या अमेरिकन कादंबरीकाराने रॉजर फेडररवर दीर्घ निबंध लिहिला. फेडररचा खेळ पाहणे हा जवळजवळ धार्मिक अनुभव आहे, हे त्याचे सूत्र शीर्षकातच होते. वॉलेस स्वतः कुमारवयात स्पर्धात्मक टेनिस खेळलेला होता. म्हणून त्याच्या निबंधात भक्ती होती, तशी यंत्रशाळाही होती. लाकूड जाऊन संमिश्र धाग्यांच्या रॅकेट आल्या, त्यांचे डोके मोठे झाले, त्यामुळे चेंडूला प्रचंड टॉपस्पिन देणे शक्य झाले आणि बेसलाइनवरून ताकदीने खेळण्याची शैली उभी राहिली, हे त्याने नीट समजावून सांगितले होते. फेडरर त्या शैलीच्या बाहेरचा कोणी पुराणपुरुष नसून त्याच शैलीच्या आत वाढलेला आणि तिला ओलांडणारा खेळाडू आहे, असे त्याचे म्हणणे होते.

त्याच्या मागून आलेल्यांनी भक्ती उचलली आणि रॅकेट खाली ठेवली. फेडरर, वावरिंका, गास्के, दिमित्रोव्ह यांच्यावरचे लेख वाचा. बॅकहँडला नृत्याची, चित्रकाराच्या कुंचल्याची, तलवारीची उपमा मिळते. तलवार कसली बनवली आहे, तिचे वजन किती आणि तोल कुठे, हे मात्र कोणी सांगत नाही. गायकावर लिहिताना तानपुरा कोणत्या स्वरात लावला होता याची दखल आपण घेतो. मग खेळाडूच्या हातातली वस्तूच समीक्षेच्या बाहेर का राहावी?

लाकडाच्या काळातला हात

लाकडी रॅकेटचे डोके साधारण ६५ ते ७० चौरस इंचांचे असे आणि वजन ३७० ते ४०० ग्रॅमच्या घरात. चेंडू मधोमध बसला तर उत्तम. जरा बाजूला बसला की चौकट मुठीत वळे. अशा हत्याराने चेंडूच्या मागून वर घासत जाण्याचा धोका फार थोडे पत्करत. म्हणून त्या काळातले नावाजलेले एकहाती बॅकहँड बहुतेक सपाट किंवा कापलेले होते. १९३८ साली चारही मोठ्या स्पर्धा जिंकणाऱ्या डॉन बजचा फटका सरळ रेटलेला होता. ऑस्ट्रेलियाचा केन रोझवॉल मुळात डावखुरा. वडिलांनी त्याला उजव्या हाताने खेळायला शिकवले. त्याचा बॅकहँड वरून खाली किंचित कापत जाणारा, चेंडू गवतावर सरपटत ठेवणारा होता. रॉड लेव्हर मनगटाच्या जोरावर बॅकहँडला टॉपस्पिन देई, पण त्याचे कौतुक होई ते तो अपवाद होता म्हणून.

आज आपल्या डोळ्यांसमोर एकहाती बॅकहँड म्हणून जे चित्र येते, त्याच्याशी हे जुळवून पाहा. छाती उघडलेली, डावा हात मागे फेकलेला, रॅकेट गुडघ्यापासून डोक्याच्या वर गेलेली आणि जाळीवरून हातभर उंच जाऊन रेषेच्या आत अचानक कोसळणारा चेंडू. ही रोझवॉलची परंपरा नव्हे. रोझवॉलच्या रॅकेटने हा फटका रोज, पाच सेट, भरवशाने मारता आला नसता. ज्याला आपण जुने म्हणतो ते पुष्कळसे नवे आहे.

दुसरी गोष्ट त्याहून गैरसोयीची आहे. दोन हातांचा बॅकहँड आधुनिक रॅकेटने आणला, हेही खरे नाही. १९३० च्या दशकात ऑस्ट्रेलियाचे व्हिव्हियन मॅकग्रा आणि जॉन ब्रॉमविच दोन हातांनी बॅकहँड मारत होते. १९७४ साली पुरुष एकेरीच्या चारही मोठ्या स्पर्धा दुहाती खेळाडूंनी जिंकल्या : तीन जिमी कॉनर्सने, फ्रेंच बियाँ बोर्गने. त्याच वर्षी फ्रेंच आणि विम्बल्डनची महिला विजेती क्रिस एव्हर्ट, तीही दुहाती. कॉनर्सची रॅकेट पोलादी होती. बोर्ग आणि एव्हर्ट लाकडानेच खेळत होते. मोठ्या डोक्याची रॅकेट अजून बाजारात यायची होती. एव्हर्टने दोन हात लावले ते लहानपणी एका हाताने रॅकेट पेलवत नव्हती म्हणून. या साध्या कारणाकडे आपण पुढे परत येऊ.

आणि दुहाती बॅकहँड येऊन ठेपल्यावरही एकहाती लगेच हरला नाही. मॅकेन्रो, लेंडल, बेकर, एडबर्ग, सॅम्प्रस, कुएर्तेन, फेडरर अशी तीन दशकांची रांग १९७४ नंतरची आहे. त्यातला इव्हान लेंडल तर बेसलाइनवरून ताकदीने खेळण्याच्या शैलीचा आद्य पुरुष मानला जातो. ज्या शैलीवर एकहाती बॅकहँडच्या हत्येचा आरोप आहे, तिच्या संस्थापकाचा बॅकहँड एकहातीच होता.

चौकट आणि तार

१९७६ साली हॉवर्ड हेड या अमेरिकन अभियंत्याने ‘प्रिन्स’ कंपनीतर्फे ११० चौरस इंचांची रॅकेट बाजारात आणली. हेडने आधी धातूच्या स्की बनवून नाव कमावले होते. टेनिस शिकताना त्याच्या हातात रॅकेट सारखी वळे, हे त्याच्या शोधामागचे कारण. रुंद चौकट वळायला अधिक विरोध करते, म्हणून मधोमध न बसलेला चेंडूही सरळ जातो. प्रथम तिची थट्टा झाली, पण दहा वर्षांत लाकूड मोठ्या स्पर्धांतून दिसेनासे झाले. ग्रॅफाइटमुळे चौकट मोठी असूनही हलकी आणि कडक ठेवता आली. आज नव्या खेळाडूच्या हाती सर्रास दिसणारी रॅकेट १०० चौरस इंचांची, तारांशिवाय ३०० ग्रॅमची असते.

एका हाताने खेळणाऱ्यांना मात्र निराळी जुळणी लागते. फटक्याच्या क्षणी रॅकेटला मागून आधार द्यायला दुसरा हात नाही. म्हणून रॅकेटचे स्वतःचे वजन आधाराला हवे. पण ते वजन टोकाकडे असले तर खांदा तिला वेळेवर फिरवू शकत नाही. म्हणून तोल मुठीकडे हवा. जड, मुठीकडे झुकलेली, पातळ कडेची, किंचित लवचीक चौकट, ही एकहाती खेळाडूची जुनी पसंती. पीट सॅम्प्रस ८५ चौरस इंचांच्या रॅकेटला शिशाच्या पट्ट्या लावून ती आणखी जड करी आणि त्यात आतड्याची तात अतिशय ताणून बसवी. त्या रॅकेटने त्याला सर्व्हिस आणि व्हॉली दिली. बॅकहँड मात्र कायम त्याची कच्ची बाजू राहिला. चौदा मोठी विजेतेपदे मिळवूनही फ्रेंच स्पर्धा त्याच्या हाती लागली नाही, याचे एक कारण त्या ८५ चौरस इंचांत होते असे मला वाटते.

पण चौकटीपेक्षा मोठी उलथापालथ तारेने केली. १९९७ साली जागतिक क्रमवारीत ६६ व्या स्थानावर असलेला ब्राझीलचा गुस्ताव्हो कुएर्तेन पॅरिसच्या तांबड्या मातीवर आला आणि मुस्टर, काफेल्निकोव्ह, ब्रुगुएरा या तीन माजी विजेत्यांना हरवून स्पर्धा जिंकून गेला. त्याच्या रॅकेटमध्ये बेल्जियमच्या ‘लक्झिलॉन’ कंपनीची पॉलिस्टर तार होती. ती कडक, जवळजवळ निर्जीव असते. चेंडूला फारसा वेग परत देत नाही. पण गुळगुळीत असल्यामुळे फटक्याच्या क्षणी उभ्या तारा बाजूला सरकतात आणि चेंडू सुटण्यापूर्वी झटकन जागेवर येतात. तो झटका चेंडूला फिरकी देतो. शिवाय तार वेग गिळत असल्यामुळे खेळाडू पूर्ण ताकदीने रॅकेट फिरवू शकतो. चेंडू बाहेर उडून जात नाही. कुएर्तेनचा पल्लेदार एकहाती बॅकहँड या तारेवर उभा होता. मोकळ्या हाताने झोकून मारलेला, नखशिखान्त मुक्त वाटणारा तो फटका एका नीरस प्लॅस्टिकच्या धाग्याने मोकळा केला होता. माझ्या मते एकहाती बॅकहँडचे शेवटचे सुवर्णयुग इथून सुरू होते, आणि त्याचा शेवटही इथूनच.

या जुळणीचे महत्त्व मी पुस्तकातून शिकलो नाही. चाळिशी ओलांडल्यावर हौसेने मी फेडररच्या नावाची रॅकेट घेतली : ९७ चौरस इंच, तारांशिवाय ३४० ग्रॅम. तीन महिन्यांत कोपर धरले. गटिंग करून देणाऱ्या वयस्कर गृहस्थांनी रॅकेट हातात तोलून पाहिली आणि विचारले, “साहेब, चेंडू मारायला घेतलीत की मिरवायला?” त्यांनी मला हलकी रॅकेट आणि मऊ तार सुचवली. कोपर बरे झाले. बॅकहँड होता तसाच राहिला, म्हणजे वाईट. पण सौंदर्य विकत घेताना आपण दुसऱ्याच्या खांद्याचे माप घेतो, हे कळले.

खांद्याच्या वरचा चेंडू

पॉलिस्टर तार एकहाती खेळाडूंपुरती राहणार नव्हती. अमेरिकन संशोधक जॉन यँडेल यांनी अतिवेगवान चित्रीकरणावरून फोरहँडची फिरकी मोजली, तेव्हा सॅम्प्रस आणि अगासी यांचे फटके मिनिटाला सरासरी १८०० ते १९०० वेळा फिरत होते, फेडररचे सुमारे २७०० आणि राफेल नदालचे सुमारे ३२००. असा चेंडू टप्पा पडल्यावर खांद्याच्या वर उसळतो. नदाल डावखुरा, त्याचा तिरका फोरहँड थेट उजव्या हाताच्या खेळाडूच्या बॅकहँडवर येतो.

आता शरीररचना पाहू. एकहाती बॅकहँडचा चेंडू पुढच्या पायाच्याही पुढे गाठावा लागतो, आणि कमरेपासून छातीपर्यंतच्या उंचीत. त्याच्या वर गेला की हात बाहेरच्या बाजूला फिरवणारे खांद्याचे छोटे स्नायू एकटे पडतात. उजव्या हाताच्या खेळाडूचा दुहाती बॅकहँड म्हणजे बराचसा डाव्या हाताचा फोरहँड. तो चेंडू थोडा उशिरा, शरीराच्या जवळ आणि उंचावरही घेऊ शकतो. त्यात पकडीची भर. लाकडाच्या काळात फोरहँड आणि बॅकहँड यांची पकड जवळजवळ एकच असे. जोरदार टॉपस्पिनसाठी फोरहँडची पकड मुठीखाली सरकली, आणि तिथून एकहाती बॅकहँडच्या पकडीपर्यंतचे अंतर वाढले. ते कापायला वेळ लागतो. म्हणजे एकहाती बॅकहँडला प्रतिस्पर्ध्याच्या फोरहँडने जसे छळले, तसे खेळाडूच्या स्वतःच्या फोरहँडनेही. दुसरीकडे मैदानेही बदलली. २००१ पासून विम्बल्डनच्या कोर्टांवर पूर्णपणे राय गवत आले. ते टिकाऊ आहे, पण त्यावर उसळी अधिक मिळते. सरपटणारा कापीव चेंडू, हा एकहातीचा जुना आश्रय, तिथेही आकुंचन पावला.

ही सगळी कारणे मला एका शब्दात मावताना दिसतात : वेळ. पकड बदलायला वेळ, खांदा वळवायला वेळ, चेंडू पुढे गाठायला वेळ. नव्या हत्याराने फटक्याला ताकद दिली आणि तो मारण्याची उसंत काढून घेतली. मग उरलेल्या मोठ्या एकहाती खेळाडूंच्या शैलीही या वेळेच्या प्रश्नाची उत्तरे म्हणून वाचता येतात.

स्टॅन वावरिंकाचे उत्तर मागे सरकण्याचे. बेसलाइनच्या कित्येक फूट मागे उभे राहायचे, चेंडू उसळून पुन्हा खाली येऊ द्यायचा, आणि मग पूर्ण शरीर त्यात घालायचे. जागा देऊन वेळ विकत घ्यायची. २०१५ च्या फ्रेंच अंतिम सामन्यात जोकोविचला त्याने पहिला सेट गमावूनही ४-६, ६-४, ६-३, ६-४ असे हरवले. त्यात जाळीच्या खांबाच्या बाहेरून आत वळवलेला एक बॅकहँड होता, जो ज्यांनी पाहिला ते विसरणार नाहीत. डॉमिनिक थीमचेही उत्तर तेच. २०२० साली त्याने जिंकलेली अमेरिकन स्पर्धा ही एकहाती पुरुष खेळाडूने जिंकलेली आजवरची शेवटची मोठी एकेरी स्पर्धा.

फेडररचे उत्तर उलटे, आणि त्याला ते सापडायला फार वर्षे लागली. कारकिर्दीचा बराच काळ तो ९० चौरस इंचांच्या रॅकेटला चिकटून होता. २०१३ च्या विम्बल्डनमध्ये दुसऱ्याच फेरीत हरल्यावर त्याने ९८ चौरस इंचांचा नमुना हातात घेतला, दोन स्पर्धांत मार खाल्ला आणि पुन्हा जुनीकडे वळला. २०१४ पासून मात्र त्याने मोठे डोके कायमचे पत्करले. मृत्युलेखकांना आवडणारी कथा इथे संपते : रॅकेट बदलली आणि बॅकहँड बदलला. पण २०१४ च्या जानेवारीत मोठी रॅकेट घेऊनही तो मेलबर्नला नदालकडून सरळ तीन सेटमध्ये हरला होता. २०१७ साली, सहा महिन्यांच्या विश्रांतीनंतर, पस्तिशीत, त्याच मैदानावर पाचव्या सेटमध्ये १-३ असा मागे पडलेला असताना त्याने सलग पाच गेम घेतले, तेव्हा वेगळे काय होते? त्याचे पाय बेसलाइनवरून मागे हटत नव्हते. चेंडू खांद्यावर चढण्याआधीच, उसळत असतानाच, तो सपाट मारत होता; कापून परत टाकणे कमी झाले होते. शेजारी प्रशिक्षक म्हणून इव्हान ल्युबिचिच होता, स्वतः एकहाती बॅकहँडचा खेळाडू. मोठ्या डोक्याने एवढेच केले की इतक्या लवकर घेतलेला चेंडू मधोमध न बसला तरी माफी मिळू लागली. माफीचा उपयोग करण्याचे धैर्य रॅकेटमध्ये नव्हते. वावरिंकाने वेळ विकत घेतली. फेडररने ती समोरच्याची चोरली. त्या वर्षी तो नदालशी चारदा खेळला आणि चारही वेळा जिंकला.

नऊ वर्षांचा हात

वेळेचा दुसरा अर्थ मला महत्त्वाचा वाटतो, कारण फटक्याचे भवितव्य तिथे ठरते. मी जिथे खेळतो, तिथे सकाळी मुलांचा वर्ग असतो. गेल्या पावसाळ्याआधी नऊ वर्षांची एक मुलगी सारखी एका हाताने बॅकहँड मारू पाहत होती. चेंडू कधी जाळीत, कधी कुंपणावर. प्रशिक्षक तिला रागावले नाहीत. जवळ जाऊन त्यांनी तिचा डावा हात उचलला आणि मुठीवर ठेवला. “असं मार, बाळा. लगेच जाईल.” आणि चेंडू लगेच गेला. तिला आनंद झाला. शेजारी उभ्या असलेल्या वडिलांनाही झाला. पुढच्या महिन्यात दहा वर्षांखालील मुलांची स्पर्धा होती.

यात चूक कोणाची? मला वाटते, कोणाचीच नाही. एव्हर्टने लहानपणी ज्या कारणाने दुसरा हात लावला, तेच हे कारण. नऊ वर्षांच्या खांद्यात एका हाताने उंच चेंडू पेलण्याची ताकद नसते. ती यायला चारपाच वर्षे जातात, आणि त्या वर्षांत सामने हरावे लागतात. पूर्वी काही प्रशिक्षकांनी ती किंमत डोळसपणे मोजली. सॅम्प्रस चौदाच्या आसपास असताना पीट फिशर यांनी त्याला दोन हातांवरून एका हातावर आणले, कारण त्यांच्या नजरेसमोर विम्बल्डन होते. मधल्या काळात तो कुमारांच्या स्पर्धांत पुष्कळ हरला. स्टेफान एडबर्गला पर्सी रोसबर्ग यांनी हाच बदल सुचवला होता, थीमला ग्युंटर ब्रेस्निक यांनी. आपल्याला ज्यांचा एकहाती बॅकहँड जन्मजात वाटतो, त्यांतले कित्येक जण दोन हातांनी सुरुवात करून नंतर एका हातावर आले. निसर्गदत्त देणगी म्हणून ज्याची आपण स्तुती करतो, तो पुष्कळदा कोणा मोठ्या माणसाने घेतलेला जोखमीचा निर्णय असतो.

हा बदल फक्त कोवळ्या वयातच होतो असेही नाही. जर्मनीची तात्याना मारिया पहिल्या बाळंतपणाच्या सुट्टीत दुहातीवरून एकहातीवर आली, तेव्हा ती पंचविशी ओलांडलेली होती. पुढे ती २०२२ साली विम्बल्डनच्या उपान्त्य फेरीत पोहोचली आणि २०२५ साली, सदतिसाव्या वर्षी, लंडनच्या क्वीन्स क्लबची स्पर्धा जिंकून गेली. सगळे जोरदार टॉपस्पिन मारत असताना तिचे कापीव, जमिनीला चिकटलेले चेंडू प्रतिस्पर्ध्यांना उचलता येत नव्हते. जी कला जुनी म्हणून टाकून दिली, तीच सवय मोडल्यामुळे नवी झाली.

आपल्याकडच्या टेनिसलाही हे अपरिचित नाही. १९६० आणि १९६१ साली विम्बल्डनच्या उपान्त्य फेरीत गेलेले रामनाथन कृष्णन, विजय अमृतराज, रमेश कृष्णन, आणि गोव्याच्या पेस कुटुंबातला लिएंडर, हे सगळे एकहाती. हलका हात आणि जाळीजवळची चतुराई हे या घराण्याचे भांडवल. एकेरीत ते चलन आटले. दुहेरीत चालू राहिले. दुहेरीत बेसलाइनच्या मागे उभे राहून चेंडू उंच उसळवण्याने फारसे साधत नाही. तिथे लागतो पायांशी पडणारा कापीव परतावा, लांबवर जाणारा हात आणि पकड न बदलता मारलेली व्हॉली. बोपण्णाचे यश या दृष्टीने पाहावे.

सौंदर्याचा हिशेब

शेवटी सौंदर्याकडे. एकहाती बॅकहँड देखणा का वाटतो? फटका संपताना शरीर उघडते, दोन हात दोन दिशांना जातात, आणि क्षणभर खेळाडू पूर्ण असुरक्षित दिसतो. दुहाती फटक्यात शरीर मिटलेले राहते, सुरक्षितता दिसते. पण आपल्या आवडीत पांढरे कपडे, हिरवळ, जुने क्लब यांचाही वास मिसळलेला आहे, हे मान्य करावे. दोन हात हा बायकामुलांचा उपाय, एक हात हा पुरुषी डौल, असा एक न बोललेला भावही जुन्या हळहळीत आहे. त्याला उत्तर द्यायला जस्टिन एनँ पुरेशी आहे. जेमतेम साडेपाच फुटांची ही बेल्जियन खेळाडू, तिच्याहून दांडग्या दुहाती खेळाडूंच्या काळात, एका हाताने सात मोठ्या स्पर्धा जिंकली; त्यांतल्या चार पॅरिसच्या उसळत्या मातीवर. २००६ च्या विम्बल्डनच्या अंतिम फेरीत ती आणि अमेली मोरेस्मो, दोघीही एकहाती होत्या. आणि अगासीचा परतावा किंवा जोकोविचचा रेषेलगतचा बॅकहँड पाहून ज्याला सौंदर्य दिसत नाही, त्याने आपली नजर तपासून घ्यावी.

म्हणून हळहळ असावी, पण ती नेमकी असावी. रॅकेटने कला मारली असे म्हणणे सोपे आहे. त्यात आपल्याला काही करावे लागत नाही. रॅकेटने फटका दिला, वेळ घेतली, आणि ती वेळ परत मिळवण्याची किंमत मोजायला तयार असलेली माणसे कमी झाली, असे म्हटले तर प्रश्न आपल्या अंगणात येतो. मुलाने दोन वर्षे हरावे, याला तयार असलेला पालक किती आहेत? पुढच्या महिन्याच्या स्पर्धेपलीकडे पाहण्याची मुभा आपण किती प्रशिक्षकांना देतो?

ती मुलगी अजून वर्गाला येते. आता तिचा दुहाती बॅकहँड चांगला बसला आहे, आणि तो बघायलाही छान आहे. कधी वर्ग संपल्यावर भिंतीवर एकटीच खेळताना ती डावा हात सोडून देते. चार चेंडू वाया जातात. पाचवा येतो, तेव्हा ती वळून कोणी पाहिले का ते बघते.